तीन दाणे ऐकणाऱ्याचे

शारदाबाईंनी त्या रविवारी सकाळपासून तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांना "हो, हो" असं उत्तर मिळालं. एक 'हो' म्हणजे होकार. लागोपाठचे दोन 'हो' म्हणजे नकार, हे मुलाच्या संसारात राहायला लागल्यापासून त्यांना चांगलं उमगलं होतं.

श्रावणातला शेवटचा रविवार होता. पहाटे पाचला अंघोळ झाली, पाटावर रक्तचंदनाचा सूर्य काढून झाला, त्याला तांबडी जास्वंद वाहून झाली. राहिली होती फक्त कहाणी. सासूबाईंनी पुलगावहून येताना भांड्याकुंड्यांबरोबर हे व्रतही रायपूरला बूढापाऱ्यात आणलं होतं, आणि त्याचा नेम असा: सहा गव्हाचे दाणे मुठीत घ्यायचे आणि ऊन कलायच्या आत कहाणी सांगायची. ऐकणारा उपाशी पाहिजे आणि त्यानं मध्ये मध्ये हुंकार दिला पाहिजे. कहाणी संपली की तीन दाणे सांगणारीचे, तीन ऐकणाऱ्याचे. मग घास, मग पाणी. तोवर घोटसुद्धा नाही. आणि व्रताचं फळ ऐकणाऱ्याला.

"सांगणारीला काहीच नाही?" नव्या नवरीपणात शारदाबाईंनी विचारलं होतं.

"सांगणारीला सवय असते," सासूबाई म्हणाल्या होत्या. "कठीण आहे ते ऐकणं."

नवरा होता तोवर अडचण नव्हती. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला माणूस. देवधर्माचं त्याला फारसं नव्हतं, पण श्रावणात रविवारी पाटावर बसून "हं, हं" करायचा. डोळा लागला तरी हुंकार चुकायचा नाही. तो गेल्यावर शेजारच्या मिश्राइन ऐकू लागल्या. त्यांना हिंदीतून सांगावी लागे, पण बाई मनापासून ऐकत. त्या बुधवारी लेकीच्या बाळंतपणाला बिलासपूरला गेल्या, आणि कहाणी घरातच अडकली.

घरात ऐकणारे चार होते. मुलगा अभिनव, सून चित्रा, सात वर्षांची पिहू आणि चार वर्षांचा बिट्टू. चौघांनाही त्या दिवशी नव्या रायपूरला प्राणीसंग्रहालयात जायचं होतं, कारण चित्राच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना 'फॅमिली टाइम' मिळतच नव्हता. चौघं एकाच घरात, तीन खोल्यांत राहून एकमेकांना कसे मिळत नाहीत, हे शारदाबाईंनी विचारलं नाही. त्या मुळात कमी बोलत, आणि जे बोलत ते हळू.

"आई, यावेळी फळ माझ्या नावानं हं," अभिनव बूट घालता घालता म्हणाला. तो एका सरकारी महामंडळात होता आणि सोमवारी बढत्यांची यादी निघायची होती. "मिश्राइनला दरवर्षी देऊन टाकतेस. त्यांच्या जावयानं यंदा दुसरा फ्लॅट घेतला, माहिताय ना?"

"फळ ऐकणाऱ्याला असतं रे. ऐकून घे दहा मिनिटं, मग निघू."

"हो, हो. गाडीत ऐकतो ना. उपाशीच आहे मी, बघ."

शारदाबाईंनी दाणे रुमालाच्या कोपऱ्यात बांधले आणि गाडीत बसल्या. त्याचा उपास तेलीबांध्यापर्यंत टिकला. तलावापाशी गाडी थांबली, समोसे आले, अभिनवनं दोन खाल्ले आणि तिसरा अर्धा चित्राला दिला. त्यानं वाटून खाल्लं, हे बघायला आई गाडीत आहे, याचाच त्याला आनंद झालेला दिसला. शारदाबाईंनी मनातल्या मनात सासूबाईंची क्षमा मागितली. पोट भरलेलं तर भरलेलं, कान तर रिकामे आहेत, असं म्हणून त्यांनी रुमालाची गाठ सोडली.

"एका नगरात एक घर होतं..."

"एक मिनिट, आई." फोन वाजला. फोन संपला तसं गाणं लागलं. गाणं संपलं तसं बिट्टूला शू लागली. नव्या रायपुराचा रस्ता इतका रुंद आणि मोकळा की त्यावरून कहाणीच काय, अख्खा ग्रंथ सांगून झाला असता. पण त्या रस्त्यावर अभिनवला आपल्या साहेबाची निंदा सुचली, आणि निंदेला ऐकणारा उपाशी लागत नाही.

"आई, तुम्ही व्हॉइस नोट करून ग्रुपवर टाका ना," चित्रानं मागे वळून गोड सुचवलं. "आम्ही रात्री निवांत ऐकू."

"अगं, यूट्यूबवर सगळ्या कहाण्या आहेत," अभिनव म्हणाला. "लावून ठेवायची. सांगायचीपण कटकट नाही."

म्हणजे सांगणार फोन, ऐकणार फोन, आणि उपाशी तेवढी म्हातारी. शारदाबाईंनी गाठ पुन्हा बांधली.

आत गेल्यावर त्यांनी एक नवीन शास्त्र पाहिलं. पिंजऱ्यापाशी जायचं, जनावराकडे पाठ करायची, हसायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या पिंजऱ्याकडे निघायचं. हरणांनी, मगरींनी, पाणघोड्यानं त्या दिवशी या कुटुंबाच्या पाठी पाहिल्या. बिट्टूला एकट्यालाच जनावराकडे तोंड करून उभं राहायचं होतं, म्हणून त्याला सारखी बोलणी बसत होती. "बेटा, इधर देखो! कॅमेऱ्याकडे! मगरीकडे काय बघतोस?"

अस्वलाच्या खंदकापाशी वीस-पंचवीस माणसं जमली होती. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. अस्वलानं काहीतरी करून दाखवावं, असा सगळ्यांचा आग्रह. अभिनवनं पोटावर हात बडवून माकडासारखा आवाज काढला. बत्तीस लोकांच्या खात्याचा सहायक व्यवस्थापक, वर चष्मा, खाली लोंबणारं पोट. अस्वलानं एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग शांतपणे उठून पाठ फिरवली आणि दगडाआड जाऊन बसलं. शारदाबाईंना त्या जनावराच्या विवेकाचं कौतुक वाटलं.

"अरे, ऊन कलेल," त्या म्हणाल्या. "इथे सावलीत बसू. पाच मिनिटांत आटपते."

"आई, सफारीची बस एक वाजता आहे. वाघ, सिंह सगळे खुले. ते झालं की पक्का. पक्का म्हणजे पक्का."

बसच्या दारात शिपायानं डब्यांची पिशवी अडवली. खाण्याचं सामान आत नेता येत नव्हतं. पिशवीत पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी होती, श्रीखंड होतं, सगळं शारदाबाईंनी पहाटे अंघोळीनंतर केलेलं. कोणीतरी पिशवीपाशी थांबायला हवं होतं. अभिनवनं डोकं खाजवलं, पण फार वेळ नाही.

"आई, तू बस. तू तसंही खाणार नाहीस."

हे तो इतक्या सहज बोलला की चित्रासुद्धा क्षणभर दुसरीकडे बघू लागली. जेवणाच्या डब्याला उपाशी माणसाची राखण बसवणारा हा मुलगा उद्या साहेब होणार होता, आणि तेही आईच्या उपासाच्या जोरावर.

बस गेली. शारदाबाई जांभळीखालच्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, पदरानं मान पुसली. डोळ्यांपुढे थोडी अंधारी आली, गेली. मधुमेहाची गोळी सकाळपासून घेतली नव्हती. ती घासाबरोबर घ्यायची असते. ढगांतून ऊन उतरत होतं, आणि बाकाची सावली पायांपासून वीतभर पुढे सरकली होती.

"तुमालेबी सामानावर बसवलं?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी होती. सत्तरीची, काटकुळी, पांढऱ्या लुगड्याला निळे काठ, गळ्यात काळ्या दोऱ्यात बुद्धाचं पदक. तिच्या भोवती तीन पिशव्या आणि लहान मुलाचे गुलाबी बूट होते.

"हो," शारदाबाई म्हणाल्या.

"माहा पोट्टा म्हणे, आई, तुले वाघ पाहून काय करायचं आहे. म्हटलं, बरोबर आहे बाप्पा, चाळीस वर्षं तुले पाहत आली, आता वाघात काय नवीन." ती खुदकन हसली. "मी भीमाबाई. गुढियारीची. सून, नातू, सगळे त्या बसमधी गेले. डबा हा असा. पोट्टे आल्यावर मिळून जेवू म्हणून बसली, त सकाळपासून पोटात काही नाही."

शारदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. उपाशी होती. रिकामी होती. बसलेली होती. कान शाबूत होते. मग त्यांची नजर त्या पदकावर गेली आणि तिथे अडखळली.

सासूबाईंच्या नेमात ऐकणाऱ्याची जात सांगितली नव्हती. सांगितली नव्हती, कारण सांगायची वेळच कधी येत नसे. हे शारदाबाईंना ठाऊक होतं. ठाऊक असूनही आपली नजर अडखळली, याची त्यांना लाज वाटली, आणि सकाळपासून मुलासाठी जमवलेल्या तिरस्कारातला चांगला मोठा वाटा त्यांनी त्या क्षणी मुकाट स्वतःच्या पदरात घातला.

"भीमाबाई, एक कहाणी ऐकाल का? माझं व्रत आहे. कोणी ऐकल्याशिवाय मला पाणी पिता येत नाही."

"देवाची?"

"सूर्याची."

"आमच्या घरी हे व्रत-बित चालत नाही, बाई. माह्या बुढ्यानं दीक्षा घेतली तवापासून बंद." भीमाबाईनं पाय वर घेतले आणि बाकावर मांडी ठोकली. "पन गोष्ट आहे न? गोष्टीले कोन नाही म्हणते. सांगा."

"मध्ये हुंकार द्यावा लागतो."

"हव. तो त मी न सांगताबी देतो."

शारदाबाईंनी दाणे मुठीत घेतले. एका नगरात एक घर होतं, घरात सहा सुना होत्या. एके दिवशी सूर्यनारायण म्हाताऱ्याचं रूप घेऊन दारात आला आणि म्हणाला, मला तहान लागली आहे.

"सूर्याले तहान?"

"हो."

"अन तो खाली आला, त वर उजेड कोन देत होता?"

चाळीस वर्षं शारदाबाई ही कहाणी सांगत होत्या. नवऱ्यानं झोपेत हुंकार दिले, मिश्राइननं डोळे मिटून हात जोडले. पण वर उजेड कोण देत होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

"सासूबाईंनी सांगितलं नाही," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"तुमी विचारलं नाही?"

"नाही."

"हव. सांगा पुढं."

पहिली सून म्हणाली, माझे हात कणकेत आहेत. दुसरी म्हणाली, माझे केस ओले आहेत. तिसरी म्हणाली, माझं मूल झोपलं आहे.

"चौथीचा फोन आला असन," भीमाबाई म्हणाली.

शारदाबाईंना हसू आलं, आणि कहाणीत हसू नये म्हणून त्यांनी ओठ मिटले. चौथी, पाचवी अशाच गेल्या. सहावी दळायला बसली होती. ती उठली, तिनं पाणी दिलं. म्हातारा पाणी प्यायला आणि म्हणाला, बाई, माझी तहान भागली, पण माझ्या पोटात एक गोष्ट आहे, ती कोणी ऐकत नाही. सहावी म्हणाली, सांगा. जातं थांबवून ती उंबऱ्यावर बसली. तो सांगत राहिला, ती ऐकत राहिली, आणि सांगण्याच्या भरात सूर्य मावळायचं विसरला. शेतातले मजूर थकले, गाई परत फिरेनात, पाखरं झाडावर येऊन पुन्हा उडाली.

"अन बाकीच्या पाच जणी?"

"त्या ओरडू लागल्या. दिवा कधी लावायचा, म्हणून."

"हव. ओरडाले बरोबर येते टाइम."

गोष्ट संपली तेव्हा संध्याकाळ झाली. म्हातारा गेला. सहावीनं जात्याकडे पाहिलं, तर ते आपोआप फिरत होतं, आणि त्या घरातलं पीठ पुढे कधी सरलं नाही.

भीमाबाईनं हुंकार दिला नाही. ती विचार करत होती. "म्हणजे पाणी पाजलं त्याचं पीठ भेटलं, का ऐकलं त्याचं?"

"ऐकलं त्याचं. पाणी काय, कोणीही देतं."

"अन म्हातारा काय सांगत होता इतका वेळ? ते त राहूनच गेलं."

"तेही सासूबाईंनी सांगितलं नाही."

"तुमच्या सासूबाईनं महत्त्वाचं सारं ठेवून घेतलं," भीमाबाई म्हणाली. "मी सांगू? म्हातारा लेकाची गोष्ट सांगत असन. दुसरं काय एवढं लांबते."

शारदाबाईंनी मूठ उघडली. ऊन अजून पुरतं कललं नव्हतं. तीन दाणे त्यांनी भीमाबाईच्या तळहातावर ठेवले. "हे तुमचे. फळ तुम्हाला."

"आमच्यात हे दाणे-बिणे नाही, बाई." पण तिनं हात मागे घेतला नाही. दाणे निरखून पाहिले. "जाऊ द्या. गहू आहे न. गव्हाले काय धर्म." बाकासमोर दोन साळुंक्या उड्या मारत होत्या. भीमाबाईनं दाणे त्यांच्यापुढे टाकले, आणि टिपताना त्या कशा मान वाकडी करतात, ते बघत बसली.

आपले तीन दाणे पुन्हा रुमालात बांधून शारदाबाई पोटभर पाणी प्यायल्या. मग डबा उघडला, गोळी घेतली, पुरी मोडली, आणि डबा मध्ये सरकवला.

भीमाबाईनं डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मले चालते," ती म्हणाली. "तुमाले चालते काय?"

"घ्या," शारदाबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातात पुरी ठेवून तिच्या डब्यातली मिरचीची चटणी स्वतःच्या पुरीवर घेतली. चटणी झणझणीत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीचंच होतं असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात बस आली. अभिनव सर्वांच्या पुढे, फोन हातात, चेहरा उजळलेला.

"आई! बसमध्ये एक जण भेटला. त्यानं आपल्या दादीची रील टाकली, पुरानी कहानी वाली, सत्तर हजार लोकांनी पाहिली! चल, आपली कहाणी घेऊ. पिहू, दादीच्या पायाशी बस. बिट्टू, इधर! चित्रा, मागे झाड येऊ दे. आई, पदर डोक्यावर घे. दाणे आहेत ना? हातात धर. हां... बोल, एका नगरात—"

"झाली," शारदाबाई म्हणाल्या.

"काय झाली?"

"कहाणी. सांगून झाली. दिवसातून एकदाच सांगतात."

"कुणाला सांगितलीस?"

"यांना."

अभिनवनं भीमाबाईकडे पाहिलं. निळे काठ पाहिले, पदक पाहिलं, एका डब्यात जाणारे दोन हात पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरून तीन-चार गोष्टी भराभर गेल्या, आणि शेवटी जी टिकली ती धर्माची नव्हती, जातीचीही नव्हती. ती सोमवारच्या यादीची होती.

"मग फळ?"

"ऐकणाऱ्याला."

"आई, उद्या यादी आहे!" त्याचा आवाज चिरकला. मग त्यानं तो गोड केला; साहेबासमोर करायचा तसा. "मौसीजी, तुमच्याकडे ते तीन दाणे असतील ना? तुम्ही तर मानत नाही हे. तुम्हाला काय उपयोग? मला द्या ना. उसके बदले में मैं आपको—"

"नाही जी माह्यापाशी," भीमाबाई पुरी चावत म्हणाली. "साळुंक्यांले टाकले. एखादा राहिला असन त पाहा. बाकाखाली."

ती थट्टा होती. ऐकणाऱ्याला ती कळली असती. अभिनव गुडघ्यांवर बसला. मग हातांवर. मग चष्मा सावरत त्यानं बाकाखाली डोकं घातलं, आणि चिप्सचे कागद, जांभळाच्या बिया आणि मुंग्या बाजूला सारत तो तीन दाणे शोधू लागला. साळुंक्या थोड्या दूर सरकल्या आणि माना वाकड्या करून बघू लागल्या. जाणारे-येणारे थांबले. कोणीतरी शिट्टी वाजवली. एका मुलानं बापाच्या खांद्यावरून विचारलं, "पापा, ये अंकल क्या कर रहे हैं?" आणि बापानं, सवयीनं, त्याचा फोटो काढला. चित्रा पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

बिट्टूनं मात्र पाठ केली नाही. तो खाली बसून बापाकडे टक लावून पाहत होता, सकाळपासून कुठल्याच जनावराकडे त्याला पाहू दिलं नव्हतं तसा, मनसोक्त.

शारदाबाई आई होत्या. क्षणभर त्यांचा जीव चुकचुकला. असा गुडघ्यावर तो शेवटचा रांगत होता तेव्हा नवऱ्यानं कहाणीत हुंकार देता देता त्याला मांडीवर ओढून घेतलं होतं. तेव्हाही तो ऐकत नव्हताच, पण तेव्हा त्याला दात नव्हते.

"एक भी नहीं बचा," अभिनव बाकाखालून म्हणाला. तो उठला, गुडघे झाडले, कपाळाला माती तशीच. "आई, तुझे तीन तरी दे."

शारदाबाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि तिन्ही दाणे न कुरकुरता त्याच्या हातावर ठेवले.

"घे. पण त्यात फळ नाही रे. त्यात नुसती सवय आहे."

ते शब्द त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. त्यानं डोळे मिटून दाणे कपाळाला लावले, रुमालात बांधले, रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिसा दोनदा थोपटला.

शारदाबाईंनी डबा पुन्हा मध्ये सरकवला. "भीमाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "ते लेकाचं काय म्हणत होतात तुम्ही? सांगा. मी ऐकते."

"तुमचं पोट त भरलं आता."

"तेवढं चालवून घ्या," शारदाबाई म्हणाल्या, आणि पहिला हुंकार दिला.